मामांच्या पेटीतला कागद

माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. हे एवढं वाक्य लिहायला मला जवळपास वीस वर्षं लागली. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझं अक्षर लागणारी जगात बहुधा ती एकटीच असल्यामुळे हे आधी तिच्याच हाती पडेल, आणि मग तिला टॉनिकच्या बाटल्यांचंही कळेल. त्याकडे येतोच.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे काय, हाताखाली एक सहायक आणि टेबलावर एक भिंग. काम उगवण तपासायचं. कपाशी, बाजरी, ज्वारीचं बी पोत्यांनी यायचं. शंभर खळग्यांची एक लाकडी फळी होती, तिच्यावर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची वळकटी करून रबर लावायचं, पेन्सिलीनं लॉट नंबर टाकायचा आणि उगवणीच्या कपाटात उभी करून ठेवायची. आठवड्यानं उलगडून बघायचं, जोमदार किती, लुळे किती, मेलेले किती. या कामात मी पक्का होतो. मूठभर बी हातात खेळवून लॉट पास होणार की नापास ते सांगायचो आणि सहसा चुकायचो नाही. त्याचा मला थोडा माजही होता.

घर बदनापूरला. सकाळच्या पॅसेंजरनं जालना, स्टेशनवर ठेवलेली सायकल घेऊन कारखाना, संध्याकाळी तसंच परत. लग्न झालेलं, मुलगी चार वर्षांची, आईवडील धडधाकट. आणि एका हिवाळ्यात, काहीही कारण नसताना, माझ्या आतलं काहीतरी बसलं. सकाळी एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन मी पलंगावर पंधरा-पंधरा मिनिटं बसून राहायचो. मुलगी पाटी घेऊन यायची, "बाबा, बघा ना," म्हणायची. मी बघायचो, पण बघून काही वाटायचं नाही. जेवण म्हणजे नुसतं चावणं. स्टेशनवर गाडी येईपर्यंत मी बाकाच्या मागे उभा राहायला लागलो, कारण पुढे उभं राहून रुळांकडे बघायची मला भीती वाटायची. ही भीतीही मी कुणाला सांगितली नाही.

कुणी गेलं असतं, काही बुडालं असतं, तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं. कारणच नव्हतं, याची जास्त लाज वाटायची. बायको विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचो, "काही नाही," आणि ते खरंच होतं. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, टॉनिक लिहून दिलं. औरंगाबादला मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा वडील जेवता जेवता थांबले. "वेड्यांच्या डॉक्टरकडं आपल्या घरातलं कुणी गेलेलं नाही," ते म्हणाले. "उद्या मुलीचं लग्न करायचंय तुला." मुलगी तेव्हा पानात सांडलेला वरणभात गोळा करत होती. मला त्यांचा राग आला, पण खोटं कशाला बोलू, सुटकाही वाटली. मलाही तिथं जायचं नव्हतंच. चारचौघांत आपण वेडे ठरू यापेक्षा आतल्या आत कुजलेलं बरं, असं माझंही मत होतं.

आता मामा. ते आमच्याकडे हमाल होते, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. प्लांट सुरू झाला तेव्हापासूनचे. मॅनेजरपासून सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, पण क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये असे चढायचे की बघणाऱ्याला पोतं रिकामं वाटावं. दर सोमवारी दुपारच्या सुटीत ते भुशाच्या शेडमागे बसून चिलीम ओढायचे. त्यांच्या गावच्या महादेवाच्या देवळात सोमवारी तशी रीत होती, ती त्यांनी इथं आणली होती. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण मामा दोन माणसांचं काम एकटे करायचे.

अशाच एका सोमवारी दुपारी डबा न उघडता मी त्याच शेडमागे एका उलट्या घमेल्यावर जाऊन बसलो होतो. प्रयोगशाळेत सहायकासमोर चेहरा सांभाळून कंटाळलो होतो. मामा आले, मला बघून जरा थबकले, मग समोर उकिडवे बसले.

"साहेब, डबा काहून उघडला न्हाई?"

"भूक नाही, मामा."

"भूक न्हाई का मन न्हाई?"

मी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिलो.

"रडून तरी घेतलं का एखाद्या टायमाला?"

"रडू येत नाही."

"हां." त्यांनी मान हलवली, जसं काही मी त्यांना पोतं कुठं ठेवायचं ते सांगितलं होतं. "आमची घरवाली गेल्ती तवा मलाबी आलं न्हाई. आठ महिने. लोक म्हनायचे, काय माणूस हाये, बायको मेली तर डोळ्याला पाणी न्हाई. मी नुसता बसून राह्यचो. म्हशीला पाणी दाखवायचं ध्यानात ऱ्हायचं न्हाई."

मला एकदम हायसं वाटलं. डॉक्टरांना, वडिलांना, बायकोला जे कळलं नव्हतं ते या माणसाला काही न सांगता कळलं होतं. तो हमाल आहे आणि मी साहेब आहे, हेही त्याच क्षणी माझ्या मनात आलं. ते का यावं, पण आलं.

मामांनी पुडी काढली, तळहातावर गांजा मळायला घेतला आणि बोलता बोलता त्यातलं एकेक बी वेचून बाजूला ठेवत गेले. "म्हादेवाचा परसाद हाये, साहेब. जबरदस्ती न्हाई. पन घ्यायचा तर तीन गोष्टी बराबर पाळाव्या लागतेत. एकल्यानं वढायची न्हाई. सोमवार सोडून वढायची न्हाई. आन बी जाळायचं न्हाई."

"बी का नाही?"

"त्याच्यात जीव हाये. जीव हाये त्याला आग लावायची न्हाई. तुमाला मी काय सांगावं, तुमचं तर पोटच बियावर हाये."

वेचलेलं बी ते कुंपणाच्या भिंतीवर चिमण्यांना टाकायचे. त्या दिवशी मी म्हणालो, "द्या, मी टाकतो," आणि खिशात घातलं. तिन्ही गोष्टींचं मी काय केलं ते आधीच सांगतो. पहिल्या दोन मी मोडल्या. तिसरी पाळली, आणि तिनंच घात केला.

चिलीम ओढण्याआधी मामा ती कपाळाला लावायचे. मीही लावली. मग खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं आणि मामा हसले, "चला, पाणी तर आलं." अर्ध्या तासानं मी डबा उघडला. मेथीच्या भाजीत लसूण आहे हे मला कळलं. हे वाचणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल, पण मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा लसणाची चव लागली होती. मी पूर्ण डबा खाल्ला आणि मामांची अर्धी भाकरीही खाल्ली. संध्याकाळी घरी गेलो, मुलीनं पाटी पुढे केली, तिच्यावर एक कोंबडी होती आणि कोंबडीला पाच पाय होते. मी मोठ्यानं हसलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"आज बरं वाटतंय का?"

"टॉनिक लागू पडतंय वाटतं," मी म्हणालो.

बायकोचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन बाटल्या आणल्या. रोज सकाळी आंघोळ झाली की ती स्वतःच्या हातानं चमचा भरून माझ्या तोंडाशी धरायची आणि मी पोरासारखा आ करायचो. तिनं त्या टॉनिकची इतकी वाखाणणी केली की तिच्या भावानं, शेजारच्या काकूंनी, सगळ्यांनी ते सुरू केलं. मी बघत होतो. आजही कुठल्या औषधाच्या दुकानात ती बाटली दिसली की मी दुसरीकडे बघतो.

गांजानं मला बरं केलं का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगावं? ते पहिले आठ-दहा सोमवार माझ्या पदरात पडले नसते तर मी बाकाच्या मागे उभा राहिलो असतो की नाही, मला माहीत नाही. हे एक. दुसरं असं, की सोमवार सरला की मला पुढच्या सोमवारची घाई व्हायची. एका गुरुवारी मी मामांना गाठलं.

"आज देता का थोडं?"

"आज कोन्ता वार हाये?"

"मामा, फार जड गेलं आज."

"जड तर जानारच. म्हनून तर सोमवार लावून दिलाय." ते पोतं शिवत होते, मान वर केली नाही. "रोज घेतलं तं मंग ते परसाद न्हाई ऱ्हायलं साहेब, ते येसन झालं. मी न्हाई देनार बिलकुल."

एका हमालानं मला नाही म्हणावं याचा मला राग आला. स्टेशनजवळच्या एका पानटपरीवर पुडी मिळते हे मला ठाऊक होतं. तिथून घेऊ लागलो, बिडीतली तंबाखू काढून त्यात भरू लागलो, प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्याखाली एकटा ओढू लागलो. आणि गंमत अशी की तसा गुण काही आला नाही. उलट सकाळ जास्त जड व्हायची. मोजणीत दाणे चुकायला लागले, सहायकाला पुन्हा मोजायला सांगून मी ओरडायचो, जणू चूक त्याची. आता वाटतं, अर्धं औषध त्या उलट्या घमेल्यावर कुणाच्या तरी शेजारी बसण्यात होतं. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा मी मामांकडे जाणंच सोडलं, कारण ते माझे डोळे बघून ओळखायचे आणि "साहेब, एकल्यानं का?" एवढंच विचारायचे.

बी मात्र मी वेचत राहिलो. ती सवय लागली होती. आमच्याकडे नमुन्याची छोटी खाकी पाकिटं असायची, त्यातल्या एकात टाकत गेलो. जूनच्या शेवटी एक दिवस पाकीट हाताला लागलं, वजन बरं वाटलं, आणि मनात आलं, याची उगवण किती असेल?

हसायला येईल, पण कित्येक महिन्यांत मला पडलेला हा पहिला प्रश्न होता. बाकी कशाचंच कुतूहल उरलं नव्हतं. सहायक जेवायला गेला तसं मी शंभर खळग्यांची फळी पुढे ओढली, करडे, ठिपक्यांचे दाणे मोजले, कागद भिजवला, वळकटी केली, लॉट नंबराच्या जागी पेन्सिलीनं 'सोमवार' लिहिलं आणि कपाशीच्या वळकट्यांमागे उभी करून ठेवली. रोज सकाळी ती आहे ना ते बघायचो. आठव्या दिवशी उलगडली. एक्क्याण्णव. सरळ पांढरी मुळं, हिरवी जोडपानं, एकही लुळा नाही. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं. आणि दाखवता येत नाही हे लक्षात आल्यावर मी खुर्चीत बसून रडलो. जे रडू इतके महिने येत नव्हतं ते त्या एक्क्याण्णव रोपांपुढे आलं.

नियम असा होता की तपासलेला कागद जाळायचा. आम्ही आळस करायचो आणि बराच कचरा भुशाच्या शेडमागच्या खड्ड्यात टाकायचो. दर पावसाळ्यात तिथं कपाशी, बाजरी आपोआप उगवायची, त्यावर सगळे हसायचे. ही वळकटी मात्र जाळायलाच हवी होती. मी काडेपेटी घेऊन मागे गेलो. मग मामांचं वाक्य आठवलं. जीव हाये त्याला आग लावायची न्हाई. काडेपेटी खिशात ठेवली आणि वळकटी खड्ड्यात फेकली.

पोळा झाल्यानंतरची गोष्ट. गावोगावचे बियाणे विक्रेते प्लांट बघायला आले होते. मॅनेजर त्यांना ग्रेडिंगचं मशीन, गोदाम, सगळं दाखवत मागच्या बाजूला घेऊन गेले. मीही बरोबर होतो. शेडला वळसा घातला आणि बाजरीच्या उंचच उंच धाटांमध्ये छातीएवढी सात-आठ झाडं उभी होती, कातरलेल्या पानांची, चांगली फुटवेदार. एक विक्रेता थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे हायब्रीड कधी काढलं? आमाला सांगितलं न्हाई." बाकीचे खो खो हसले. मॅनेजरही हसले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझा कसा झाला होता कोण जाणे. एक गोष्ट अजून आठवते. भीतीच्याही आधी माझ्या मनात आलं होतं, झाडं काय जोमदार आलीत!

पाहुणे गेल्यावर मॅनेजरनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "पोलिसांचं लचांड नको," ते म्हणाले. "पण वरून विचारणा होणार. माझ्याकडं कागद पाहिजे. तुमच्या लॅबचा कचरा पडतो ना तिथं?"

तेवढा एक क्षण माझ्या हातात होता.

"पडतो," मी म्हणालो. "पण आमच्याकडं असलं बी कुठून येणार सर?"

"मग लिहून द्या तसं."

मी लिहिलं. चांगल्या कागदावर, कार्बन घालून. सदर झाडे प्रयोगशाळेतील बियाण्यापासून उगवलेली नसून, हमाल वर्ग सदर ठिकाणी बसून अंमली पदार्थाचे सेवन करीत असल्याने त्यांच्याकडून सांडलेल्या बियांपासून उगवलेली असावीत, असे माझे तांत्रिक मत आहे. मॅनेजरनी वाचलं आणि म्हणाले, "वर्ग नको. सगळे हमाल उद्या गेटवर बसतील. कोण ओढतो ते सगळ्यांना माहीत आहे. स्पष्ट लिहा." मी नवीन कागद घेतला. मामांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. इतक्या सोमवारांत मी ते कधी विचारलं नव्हतं. हजेरीपुस्तक मागवलं, त्यात बोट फिरवून शोधलं, आणि लिहिलं. खाली सही केली, सहीखाली पदवी लिहिली.

मामांना बोलावलं तेव्हा मी खोलीतच होतो. मॅनेजरनी विचारलं, "ओढता का?" "हाव, सोमवारी." "झाडं तुम्ही लावली?" "लावली न्हाई साहेब. उगवली. उपटली न्हाई हे खरं. म्हादेवाचं झाड, आपल्या हातानं कसं उपटावं?" मग मॅनेजर म्हणाले, "तुमच्याबरोबर आणखी कोण बसतं?" मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "मी एकलाच असतो."

त्यांना एक पाकीट मिळालं. कामावरून कमी केल्याचं पत्र आणि त्याला जोडलेली माझ्या अहवालाची कार्बन प्रत. मी सायकल काढत होतो तेव्हा ते गेटपाशी उभे होते, खांद्यावर पिशवी, हातात पाकीट. वाचता त्यांना येत नव्हतं.

"साहेब, तुमी कागद लिहून दिला म्हनतेत."

"हो."

"काय लिहिलं?"

सायकलची साखळी उतरली होती, मी खाली वाकून ती बसवत होतो. वर न बघता म्हणालो, "चांगलंच लिहिलंय, मामा."

त्यांनी पाकीट कपाळाला लावलं, चिलीम लावायचे तसं. "तरीबी ठेवलं न्हाई मला. जाऊ द्या. तुमी लिहिलं ना, बस झालं." मग जरा थांबून म्हणाले, "एकल्यानं वढू नका, साहेब." आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

त्यानंतर माझं जे व्हायचं ते झालं. दिवाळीनंतर मी अंथरुणातून उठेना. बायकोनं वडिलांना न विचारता मला बसमध्ये घातलं आणि औरंगाबादला नेलं. वेड्यांचे म्हणतात ते डॉक्टर चष्मा लावून, पाय हलवत बसलेले एक साधे गृहस्थ निघाले. त्यांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले, आणि विचारलं, "काही नशा वगैरे?" बायको शेजारी बसली होती. तिनंच माझ्या आधी उत्तर दिलं, "छे हो, सुपारीसुद्धा खात नाहीत." मी मान डोलावली. त्या गोळ्यांनी मी हळूहळू माणसात आलो. गांजा सुटला, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. वास आला की गेटपाशी कपाळाला लावलेलं ते पाकीट दिसायचं.

धावड्याला जायचं मी किती वेळा ठरवलं आणि किती वेळा भोकरदनच्या बसमधून उतरून घरी आलो, ते सांगत नाही. गेलो तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं, मुलगी कॉलेजात होती. गावात मामांचं पूर्ण नाव सांगून घर विचारलं. ते नाव मी विसरणं शक्य नव्हतं.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "मामा," म्हणालो, तर आवाजावरून ओळखलं. "साहेब! जालन्याचे साहेब आले!" त्यांनी शेजारच्या दोघा-तिघांना हाका मारून बोलावलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी कबूल करायला आलो होतो. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. पण मामा माझा हात धरून शेजाऱ्यांना सांगत होते, "हेच ते. कंपनीनं काढलं तवा एका माणसानं माझ्या बाजूनं लिहून दिल्तं, ते हे. मी सांगतो ना तुमाला नेहमी." मग सुनेला म्हणाले, "पेटीतला कागद आन गं."

सून तिशीची असेल. तिनं ट्रंक उघडली, सातबाराच्या कागदांखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून माझी कार्बन प्रत काढली आणि मामांच्या हातात न देता सरळ माझ्या हातात दिली. देताना माझ्याकडे बघितलं. मला कळलं की हिनं हे वाचलंय.

"वाचा की साहेब," मामा म्हणाले. "तुमच्या तोंडानं ऐकू द्या समद्याह्यला."

निळी अक्षरं फिकी झाली होती, पण लागत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचू लागलो. सदर झाडे प्रयोगशाळेतील कचऱ्यातून उगवलेली आहेत. ते बी मी स्वतः तपासले होते आणि मीच तिथे टाकले. हमाल मामा यांचा यात काहीही दोष नाही. दोष माझा आहे. एवढं बोललो आणि कागद खाली केला. म्हटलं, झालं. आता ते काय म्हणतील ते म्हणोत.

मामांच्या पिकलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "ऐकलं का," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "ऐकलं का? माझ्यासाठी साहेबानं आपल्या अंगावर घेतल्तं. असा माणूस पाह्यला का कुठं?"

चहा झाला. मी कसा प्यालो ठाऊक नाही. निघालो तेव्हा सून फाटकापर्यंत आली. पदर सारखा करत, माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "त्यायला मी कधी सांगितलं न्हाई. तुमीबी सांगू नका. दर पोळ्याला पेटी काढायला लावतेत आन मला वाचायला सांगतेत. मी आपलं मनानं काहीबाही वाचत आले, चांगला माणूस हाये, कामाला पक्का हाये, असं. आज तुमी येगळंच वाचलं. पुढच्या पोळ्याला ते तसंच मागतील." ती थांबली. "काय वाचलं ते पुन्यांदा सांगा. पाठ करून ठेवते."

मी तिथं फाटकाशी उभा राहून तिला पुन्हा सांगितलं. बी माझं होतं, टाकलं मी, मामांचा दोष नाही. तिनं ओठांतल्या ओठांत ते दोनदा म्हणून बघितलं, मधे एक शब्द मला विचारून घेतला, आणि घरात गेली.